पानावर बसलेलं घर

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटायचे नाहीत, मिटले तर पुढचं वाचता येणार नाही. खोली माडीवर आहे. तिची जमीन लाकडी फळ्यांची आहे आणि फळ्यांमध्ये इतक्या फटी आहेत, की खालच्या घरात मिरच्या परतल्या की वर आपल्याला शिंका येतात. आता या खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एक उडी मारा. फार मोठी नको, वीतभर.

मारली? आता ऐका. ठक, ठक, ठक.

हा खालचा बांबू. आमच्या घरमालकीणबाईंचं आडनाव बाराहाते होतं, पण त्या वापरत एकच हात, आणि त्या हातात हा बांबू. एरवी तो उंच दांडीवर लुगडी वाळत घालायला होता. पण माडीवर कोणाचं पाऊल जरा जोरात पडलं, की बाराहातेबाई खुर्चीवरून न उठता बांबू वर करत आणि पाऊल ज्या फळीवर पडलं असेल नेमक्या त्याच फळीला खालून ठोकत. त्यांचा नेम कधी चुकला नाही. पाठोपाठ आवाज येई, "अहो खानझोडे, पोरी आहेत का घोडे?" आमच्या आडनावाला हे यमक जुळतं याचा त्यांना फार आनंद होता.

नागपुरात, महाल भागातल्या एका गल्लीत ही माडी होती. मी वृंदा, तेव्हा चौथीत होते. धाकटी शुभा चार वर्षांची होती आणि ती जन्मापासून टाचा आपटत चालत असे, म्हणून दिवसातला पुष्कळ वेळ ती कोणाच्या तरी कडेवर असे. आई तर घरात चवड्यांवरच चालायची. लग्न होऊन ती या माडीवर आली त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत तिची टाच त्या फळ्यांना कधी लागली नव्हती. पुढे पुढे ती रस्त्यावरही तशीच चालू लागली. माहेरी गेली की मामा म्हणायचा, "मालूताई, तू काय पकडायला निघालीस, उंदीर?"

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी कागदावरच्या चुका शोधून दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या खिशात कायम एक लाल पेन्सिल असे. लग्नपत्रिका आली तरी आधी ती पेन्सिल बाहेर येई आणि मगच कोणाचं लग्न आहे ते आम्हाला कळे.

एक दिवस आम्ही जेवायला बसलो होतो. खालून बाराहातेबाईंची हाक आली, की खानझोड्यांनी असतील तसं खाली यावं, नळ गळतो आहे. बाबा अर्धे उठलेसुद्धा. पण आई जिन्याच्या तोंडाशी गेली आणि हळूच म्हणाली, "ते पानावर बसलेत."

मग बाईंचा आवाज आला, आणि तो चक्क मऊ होता. "असू द्या, असू द्या. पानावरून नका उठवू माणसाला. सावकाश होऊ द्या."

मी बाबांना विचारलं, हे काय झालं. बाबा म्हणाले, "जेवायला बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं. राजा आला तरी त्याने थांबायचं." मी भाताचा घास हातात धरून विचार करत राहिले. बांबूपेक्षा मोठं असं काहीतरी जगात आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर दिवाळी झाली आणि लांजेवार आले. लांजेवार म्हणजे घरांचे दलाल. डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री, मग ऊन असो वा नसो. स्टेशनाच्या पलीकडे जुन्या बंगल्यांच्या वस्तीत एक घर विकायचं आहे, असं ते सांगत होते. घर जुनं, बैठं, कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या छपराचं. पण भोवतालची जागा एवढी मोठी, की सकाळी एका टोकाला पोरगी हरवली तर दुपारी दुसऱ्या टोकाला सापडावी. मालक उमाठे नावाचे एक निवृत्त ओव्हरसियर होते. ते आता मुलीकडे बिलासपूरला राहायला जाणार होते. बाबांना परवडेल का, हे बोलणं मोठ्यांनी आमच्या पाठीमागे केलं आणि ते जमलं असावं, कारण आई त्या दिवशी दोनदा विनाकारण हसली.

अडचण निराळीच होती. म्हातारा घर विकतो म्हणे, पण देत नसे.

"सतरा गिऱ्हाईकं नेली म्या," लांजेवार चहा बशीत ओतत म्हणाले. "चांगली चांगली माणसं. म्हातारा हसते, बोलते, घर दाखवते, चहा पाजते. आन् मंग एकदम, बरं, या मंग. संपलं. कुठं अडते ते मले अजून नाही समजलं. भावावर अडत नाही, जातीवर अडत नाही. बोलण्यात कायतरी होते. म्हणून सांगतो साहेब, थोडं बोला, पण नीट बोला."

नीट बोलायचं म्हटल्यावर बाबांना हुरूप आला. त्यांनी छापखान्यातल्या कोऱ्या कागदाच्या पट्टीवर एक वाक्य लिहायला घेतलं. तीन रात्री जेवणं झाल्यावर ते वाक्य तयार होत होतं. एक शब्द खोडायचा, वर दुसरा लिहायचा, तो मोठ्याने म्हणून बघायचा. शेवटी ते असं झालं: "उमाठेसाहेब, आम्हाला नुसती जागा नको आहे, आम्हाला इथे आमचं घर उभं करायचं आहे."

आई म्हणाली, किती छान. लांजेवारांनी तर टोपी काढली. सतरा गिऱ्हाइकांत एकाचीही भाषा अशी नव्हती, असं ते म्हणाले. मला ते वाक्य पाठ झालं आणि शुभालाही झालं, फक्त ती 'उमाठेसाहेब'ऐवजी 'उपाशीसाहेब' म्हणायची, म्हणून तिला तिथे गप्प बसायला सांगण्यात आलं.

रविवारी सकाळी आम्ही चौघं एका सायकलरिक्षात बसलो आणि लांजेवार दुसरीत. थंडी होती. मी आईच्या मांडीवर, शुभा बाबांच्या. मी आईला विचारलं, बैठं घर म्हणजे काय. आई पदर सावरण्यात होती. म्हणाली, "बैठं म्हणजे बसलेलं."

एवढं पुरे झालं. पुढचा सगळा रस्ता मी दिसेल ती इमारत निरखत होते. आमची माडी उभी होती, हे मला माहीत होतं. बाराहातेबाईंच्या खांद्यावर आम्ही, आमच्या खांद्यावर कौलं. शाळा उभी होती, पाण्याची टाकी उभी होती, टाउन हॉल उभा होता. पण घर बसलेलं असतं? कसं बसतं? मांडी घालून की उकिडवं?

रिक्षा फाटकाशी थांबली आणि मला उत्तर दिसलं. मांडी घालून.

खरंच सांगते, तुम्हीही पाहिलं असतंत तर हेच म्हणाला असतात. कवेलूचं छप्पर कपाळावर ओढलेल्या टोपीसारखं खाली आलं होतं. पुढे लांबच लांब छपरी, म्हणजे ओसरी, आणि तिच्या दोन टोकांना दोन गोल दगडी ओटे, अगदी मांडी घातल्यावर बाहेर येतात तशा गुडघ्यांसारखे. घर आरामात बसलं होतं. आणि त्याच्या पुढ्यात एवढं मोठं सारवलेलं अंगण.

उमाठेसाहेब छपरीत आरामखुर्चीवर होते. उंच, वाळलेले, गुडघ्यांना गरम पट्ट्या गुंडाळलेल्या. त्यांनी बाबांना नमस्कार केला, आईला "या बाई" म्हटलं आणि आम्हा दोघींना सांगितलं, की आधी पळून या, मग घर पाहू.

आम्ही पळायला निघालो ते घराच्या उजव्या अंगाने. भिंत संपली की परत फिरावं लागेल, असं मला वाटलं होतं. पण भिंत वळली. आम्ही वळलो. ती पुन्हा वळली. मागचं अंगण, विहीर, गोठ्याची रिकामी छपरी, पुन्हा वळण, आणि समोर परत उमाठेसाहेब, तसेच खुर्चीत. आम्ही दोघी थबकलो. घराच्या भोवती पळता येतं, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. माडीच्या भोवती कसं पळणार? मग आम्ही किती फेऱ्या मारल्या ते देवाला ठाऊक. शुभाच्या टाचा धपाधप वाजत होत्या आणि प्रत्येक फेरीला ती पायांखाली बघायची, बांबू येतो का म्हणून.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला मागे आई दिसली. ती विहिरीपाशी एकटी होती. रहाटाला हात लावून ती तो नुसताच फिरवत होती, बादली न सोडता, आणि कर्रकर्र आवाज आला की हसत होती. आम्ही पाहतो आहोत हे कळल्यावर तिने चेहरा गंभीर केला, पण रहाट फिरतच राहिला आणि तिला परत हसू आलं. बाबा झाडं मोजत होते. आंबा एक, पेरू दोन, मुंगणा एक. मुंगणा म्हणजे शेवगा, आमच्याकडे असंच म्हणतात. मोजता मोजता ते एका लिंबाच्या झाडाशी बोलू लागले, असं शुभाने मला येऊन सांगितलं. मी पाहायला गेले. ते वाक्य म्हणून बघत होते.

मग मला एक शंका आली म्हणून मी घराकडे पाठ करून छपरीच्या पायरीवर उभी राहिले. घर जिकडे बघतं तिकडे मीही बघितलं. समोर मधोमध तुळशीवृंदावन होतं, चुन्याने पांढरंशुभ्र. त्याच्या डाव्या हाताला लिंबाचं झाड. उजव्या हाताला मुंगणा, शेंगांनी लगडलेला, आणि त्याच्या खाली वांग्यांची चार झाडं. मी दोनदा पाहून खात्री केली. मीठ मध्ये. लिंबू डावीकडे. भाजी उजवीकडे.

हे मी कोणाला सांगितलं नाही. इतकं उघड होतं, की सगळ्यांना दिसलंच असेल असं मला वाटलं.

मग उमाठेसाहेब काठी टेकत उठले आणि आम्हाला आतून घर दाखवू लागले. आयुष्यभर त्यांनी सरकारसाठी पूल, टाक्या आणि शाळा बांधल्या होत्या. स्वतःसाठी बांधलेलं हे एकच. पत्नीने सांगितलं होतं, मला जिना नको, म्हणून आत कुठेही चढावं लागणार नाही असं घर त्यांनी आखलं. पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली होती. खोल्यांमध्ये शहाबादी फरशी होती आणि ती पायांना थंड लागत होती. आम्ही चौघं त्यांच्यामागे एका ओळीत निघालो. मधल्या खोलीत ते थांबले आणि वळून आमच्या पायांकडे पाहू लागले.

"तुम्ही सगळे चोरासारखे का चालता?"

बाबा ओशाळले. म्हणाले, "सवय आहे."

उमाठेसाहेब हसले. अगदी मनापासून हसले. लांजेवारांनी मागून बाबांना कोपर मारलं, की जमतंय. चहा आला, आम्हाला पेरूच्या फोडी आल्या, तिखटमीठ लावून. उमाठेसाहेबांनी आईला विचारलं, की विहिरीचं पाणी चाखलं का. आईने न विचारताच सांगून टाकलं, की ती न्हाणीघरात गाणंही म्हणून आली. सगळे हसले. बाबांनी खिशातली पट्टी बोटांनी चाचपली. मला कळलं, आता वाक्य येणार. शुभाने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

बाबा उठून उभे राहिले. वाक्य सुरेख आलं. एकही शब्द अडखळला नाही.

"उमाठेसाहेब, आम्हाला नुसती जागा नको आहे, आम्हाला इथे आमचं घर उभं करायचं आहे."

उमाठेसाहेबांच्या हातातली बशी ओठांपाशी होती. ती तिथून खाली आली. त्यांनी ती खुर्चीच्या हातावर ठेवली आणि काठी हातात घेतली.

"बरं," ते म्हणाले. "या मग."

लांजेवारांनी कपाळावर हात मारला. बाबा तसेच उभे. त्यांना वाटलं, आवाज लहान पडला असेल. ते वाक्य परत म्हणणार होते, पण उमाठेसाहेब आता आमच्याकडे पाहत नव्हते, आंब्याकडे पाहत होते. आईने शुभाच्या हातातली पेरूची फोड काढून ताटलीत ठेवली. अर्धी खाल्लेली. सगळे पायरी उतरले. बाबा चालता चालता पट्टी काढून वाचत होते, चूक कुठे आहे ते शोधत. ती त्यांना सापडेना. तीन रात्री तपासलेलं वाक्य होतं.

मी मात्र ते वाक्य पहिल्यांदाच ऐकत होते. म्हणजे पाठ होतं, पण घर समोर असताना पहिल्यांदा. आणि मला बाबांचा इतका राग आला, की मी अंगणाच्या मध्यावर, तुळशीपाशी, त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून त्यांना थांबवलं.

"बाबा, तुम्ही त्याला उभं का करता?"

"कोणाला?"

"घराला. ते बसलंय ना."

बाबा म्हणाले, वृंदा, आता नको. लांजेवार म्हणाले, चाल बाप्पा पोरी. पण मला रडू यायला लागलं होतं, आणि रडू आलं की माझा आवाज मोठा होतो.

"तुम्हीच म्हणता, पानावरून उठवायचं नाही. राजा आला तरी नाही. आणि तुम्हीच त्याला उठवता. ते जेवतंय. हे बघा मीठ. हे लिंबू. ती भाजी. एवढं मोठं पान मांडलंय त्याच्यापुढे आणि तुम्ही म्हणता उभं करायचं."

मग छपरीतून काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. दोनदा. शुभा घाबरून आईला बिलगली, कारण आवाज बांबूसारखाच होता.

"पोरी," उमाठेसाहेब म्हणाले, "इकडे ये. परत सांग. मीठ कुठे आहे म्हणालीस?"

मी पायरीशी गेले आणि त्यांच्या खुर्चीशेजारी, घर जिकडे बघतं तिकडे तोंड करून उभी राहिले. तुळशीवृंदावन दाखवलं. लिंबू दाखवलं. त्यांनी मान लांब करून डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. एवढी वर्षं ते त्याच खुर्चीत बसून तेच अंगण पाहत आले होते.

"आणि पाण्याचा तांब्या?"

"विहीर. पण ती मागे आहे," मी म्हटलं. "वाढणाऱ्याची चूक झाली."

त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं खोकला आहे. मग कळलं, ते हसत होते. हसता हसता त्यांनी पट्टी बांधलेल्या गुडघ्यावर थाप मारली आणि दुखलं म्हणून कण्हले आणि परत हसले.

"विहीर खणली तेव्हा ही हेच म्हणत होती," ते म्हणाले. 'ही' म्हणजे त्यांची पत्नी. "म्हणायची, पाणी हाताशी हवं, मागे काय खणता. मी ओव्हरसियर ना, मी कुठे ऐकतो."

मग ते बाबांकडे वळले. बाबा अंगणात तसेच उभे होते, पट्टी हातात.

"खानझोडे, किती मजले?"

"मजले?"

"उभं करायचं म्हणालात. किती मजली?"

चूक शोधणाऱ्या माणसाला स्वतःची चूक सापडली की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी तेव्हा पाहिलं. आधी पांढरा, मग लाल. "साहेब, तसं नाही हो," ते म्हणाले. "उभं करायचं म्हणजे संसार. म्हणजे मांडायचा. म्हणजे आपलं म्हणायचं. आहे तेच घर. मी त्याच्या एका कवेलूलाही हात लावणार नाही."

"नीट बोलायला सांगितलं होतं मी, एवढं नीट नव्हतं सांगितलं," लांजेवार पुटपुटले. आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. छत्री बगलेतून खाली पडली. ते बोटांवर मोजत सुटले. "कापडवाला म्हणे दुकान उभं करतो. डाक्टर म्हणे दवाखाना उभा करतो. तो लाकडाच्या वखारीवाला, चार मजले उभे करतो म्हणे. बाप्पा. सतराच्या सतरा उभेच करत होते."

"आयुष्यभर मी हाच शब्द ऐकला," उमाठेसाहेब म्हणाले. "पूल उभा करा, टाकी उभी करा, शाळा उभी करा. केल्या. कामच होतं. पण नवीन काही उभं करायचं म्हणजे तिथे आधी जे बसलेलं असतं त्याला उठवावं लागतं. तेही मीच उठवत आलो. झोपड्या उठवल्या, झाडं उठवली. हे एक घर तेवढं बसलेलं राहू द्यावं असं वाटतं. एवढंच. ते तोंडाने सांगायची लाज वाटते. विकणाऱ्याने असल्या अटी घालू नयेत."

बाबांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. तुळशीच्या कट्ट्यावर पट्टी ठेवली आणि 'उभं करायचं' या शब्दांवर आडवी रेघ मारली. वर काय लिहावं, ते त्यांना सुचेना. ते माझ्याकडे पाहू लागले.

"जेवू द्यायचं," मी म्हटलं.

त्यांनी तसंच लिहिलं आणि पट्टी उमाठेसाहेबांकडे दिली. साहेबांनी चष्मा लावून ती वाचली, घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. मग लांजेवारांना म्हणाले, की कागदपत्रांचं बघा, आणि बाबांना म्हणाले, "प्रूफं तपासायला ही पोरगी ठेवत जा."

पुढचा अर्धा तास कोण काय करत होतं ते मला नीट आठवत नाही, कारण सगळेच वेड्यासारखे करत होते. लांजेवार तुळशीला नमस्कार करून आले, मग विहिरीला, मग चुकून आरामखुर्चीला. शुभाने आपली अर्धी फोड ताटलीतून परत घेतली आणि "उपाशीसाहेब" म्हणून उमाठ्यांना भरवायला गेली, आणि त्यांनी ती खाल्ली. बाबा प्रत्येक झाडाजवळ जाऊन त्याला ही बातमी सांगत होते. आई खोल्यांतून फिरत होती, एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर.

उमाठेसाहेबांनी मला विचारलं, की या घरात राहायला आलीस तर सगळ्यात आधी काय करशील. उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण त्याआधी एक गोष्ट विचारणं भाग होतं.

"याच्या खाली कोण राहतं?"

"खाली?" त्यांनी फरशीकडे पाहिलं. "खाली मुरूम आहे. मुरमाखाली काळा खडक. पाया मी स्वतः खणून घेतलाय. त्याच्याखाली कोणी राहत असेल, तर अजून माझ्याकडे तक्रार आलेली नाही."

मी मधल्या खोलीत गेले. मधोमध उभी राहिले. चपला बाहेरच होत्या. दोन्ही पाय जुळवले, जेवढं वाकता येईल तेवढं वाकले आणि उडी मारली.

धप्प.

फरशी हलली नाही. काही वाजलं नाही. मी श्वास रोखून ऐकत राहिले. एक, दोन, तीन. खालून काहीही आलं नाही. बाहेर आंब्यावर एक कावळा ओरडला, तेवढंच.

वर पाहिलं तर दारात आई होती. ती माझ्यासारखीच कान देऊन ऐकत होती. तिचा एक हात चौकटीवर होता आणि डोळे चमकत होते, पण ती अजूनही चवड्यांवर उभी होती. तिला ते ठाऊकही नव्हतं.

मी तिच्यापाशी गेले, खाली वाकले, तिच्या दोन्ही टाचा माझ्या दोन्ही हातांत धरून फरशीला टेकवल्या आणि म्हटलं, "आई, आता तू."